युवा ऑर्केस्ट्राचा परदेश दौरा: आधी वाद्यांची यादी, मग विमानाची तिकिटे

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुमारे ८० वादकांचा, १४ ते २१ वयोगटातला ऑर्केस्ट्रा पुढच्या उन्हाळ्यात युरोपात १०-१२ दिवसांच्या दौऱ्यावर न्यायचा आहे. चार-पाच मैफली ठरत आहेत. तयारीची सुरुवात कुठून करावी, आणि मोठ्या वाद्यांचे काय करावे?

सुरुवात वाद्यांपासून करा. बहुतेक संस्था आधी तारखा ठरवतात, मग स्वस्त विमान शोधतात, मग हॉटेल घेतात, आणि चेलो कसे जाणार हा प्रश्न तिकिटे हातात आल्यावर पडतो. तोवर पर्याय संपलेले असतात. क्रम उलटा ठेवा: कोणत्या रचना वाजवणार, त्यांना कोणती वाद्ये लागतात, त्यातली कोणती सोबत न्यायची आणि कोणती तिकडे भाड्याने घ्यायची, हे आधी ठरवा. मग कोणते विमान चालेल आणि कोणती शहरे एका माळेत बसतील, हे आपोआप स्पष्ट होत जाते. सभागृहांशी बोलणी साधारण दीड वर्ष आधी आणि वाद्यांची यादी किमान एक वर्ष आधी, इतकी सवड हवी.

कार्यक्रमाची निवड हा संगीताचा निर्णय आहेच, पण वाहतुकीचा खर्चही तिथेच ठरतो. द्वोर्झाकची आठवी किंवा चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी घेतली तर तालवाद्यांत फक्त टिंपनी (ठरावीक सुरात लावायचे मोठे नगारे) लागते, हार्पही लागत नाही. रिम्स्की-कोर्साकोव्हची 'शेहेराझाद' घेतली की हार्प, स्नेअर ड्रम, बास ड्रम, झांजा, टॅम-टॅम, ट्रँगल आणि टँबरीन हे सगळे प्रत्येक शहरात उभे करावे लागते. म्हणून मोठ्या तालवाद्यांच्या रचना घेऊच नका, असे नाही. पाच शहरांत पाच वेगवेगळे भाडेकरार करायची तयारी असेल तरच घ्या, किंवा एकाच ठिकाणाहून पूर्ण संच घेऊन ट्रकने सोबत फिरवा. दुसरी बाजूही पाहा: द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत ट्यूबाला फक्त संथ भागातले मोजके स्वर आहेत. तेवढ्यासाठी एक मुलगा ट्यूबा घेऊन समुद्रापार येणार असेल, तर त्याच कार्यक्रमात ट्यूबाला खरे काम असलेली दुसरी रचना ठेवा. युवा ऑर्केस्ट्रात प्रत्येक मुलाच्या वाट्याला काय येते, हे तिकिटाच्या हिशेबाइतकेच महत्त्वाचे आहे. एन्कोअरच्या, म्हणजे शेवटी श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजवायच्या, दोन रचनांना यादीबाहेरचे एकही वाद्य लागू देऊ नका.

आता यादी. प्रत्येक वाद्याची आणि प्रत्येक गजाची (बो) स्वतंत्र ओळ करा. मालक कोण, बनवणारा कोण, अनुक्रमांक असल्यास तो, अंदाजे वर्ष, बनला तो देश, किंमत, पेटीसह लांबी-रुंदी-उंची, पेटीसह वजन, आणि शेवटी साहित्य: गजाचे लाकूड, टोकाची पट्टी, फ्रॉग (हाताकडचा, केस ताणायचा तुकडा), जडावकाम, पकडीवरचे कातडे. हीच यादी विमान कंपनी, विमा, सीमाशुल्क आणि वन्यजीव कायदा या चारही ठिकाणी लागते. चार वेगवेगळ्या याद्या केल्या की त्यांच्यात तफावत पडते, आणि सीमेवरचा अधिकारी नेमकी ती तफावत पकडतो.

साहित्याचा रकाना मुले हमखास रिकामा ठेवतात आणि गाडी तिथेच अडते. साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्यानुसार ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे सर्वांत कडक वर्गात. हस्तिदंत आणि हॉक्सबिल कासवाचे कवचही त्याच वर्गात येते. जुन्या गजाच्या टोकाला हस्तिदंताची पट्टी किंवा फ्रॉगला कासवाचे कवच असणे अगदी सामान्य आहे. आजोबांकडून आलेला गज असेल तर तपासल्याशिवाय नेऊच नये. क्लॅरिनेट आणि ओबोचे काळे लाकूड, म्हणजे ग्रेनाडिला, हेही रोझवुडच्याच कुळातले. पण २०१९ च्या बदलानंतर परिशिष्ट दोनमधल्या रोझवुडची तयार वाद्ये परवान्यातून वगळली गेली. गजाचे पर्नांबुको लाकूड २००७ पासून परिशिष्ट दोनमध्ये आहे आणि त्याच्या अटी नंतरच्या परिषदांत बदलत आल्या आहेत. त्यामुळे ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचा नियम आपल्या देशाच्या साइट्स कार्यालयाकडून लेखी मागवा. संरक्षित साहित्याचे वाद्य न्यायचेच असेल तर संगीतवाद्य प्रमाणपत्र मिळते. ते जास्तीत जास्त तीन वर्षे चालते आणि एकापेक्षा अधिक सीमा ओलांडायला वापरता येते, पण अनेक देशांत ते ठरलेल्या विमानतळांवर किंवा बंदरांवरच तपासले जाते. प्रवासाचा मार्ग त्यानुसार आखावा लागतो. माझे मत विचाराल तर अठरा वर्षांच्या वादकासाठी हा खटाटोप करू नये. तो गज घरी ठेवावा आणि चांगला कार्बन फायबरचा गज दोन महिने आधी हाताला सवयीचा करून घ्यावा. टोकाची हस्तिदंती पट्टी बदलून घेतली असेल तर वाद्यकारागिराचे पत्र आणि जवळून काढलेला फोटो पेटीत असू द्या, कारण हाडाची पट्टी दिसायला हस्तिदंतासारखीच असते.

संस्थेच्या मालकीची वाद्ये मालवाहतुकीने जात असतील तर एटीए कार्ने, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचे सीमाशुल्काचे कागद, काढा. १९६१ च्या करारावर आधारलेली ही व्यवस्था आहे. माल तात्पुरता नेऊन परत आणायचा, म्हणून आयात शुल्क लागत नाही, पण हमीची रक्कम ठेवावी लागते. वैधता एक वर्ष असते. एकदा कार्ने निघाले की त्यातल्या यादीत नवी वस्तू घालता येत नाही. मायदेशातून निघताना आणि परत येताना पिवळी पाने, परदेशात शिरताना आणि बाहेर पडताना पांढरी, नुसते पार होताना निळी. शिरतानाचा शिक्का कुणी विसरत नाही. विसरतो तो बाहेर पडतानाचा, कारण तेव्हा सगळे थकलेले असतात आणि विमान पकडायचे असते. तो शिक्का नसेल तर माल तिथेच राहिला असे धरून त्या देशाचे सीमाशुल्क खाते शुल्क मागते आणि ते तुमच्या हमीतून वसूल होते. युरोपीय संघाच्या आत एका देशातून दुसऱ्या देशात जाताना शिक्के लागत नाहीत, पण स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि ब्रिटन या वेगळ्या सीमा आहेत. मधेच एक मैफल झुरिकला ठेवली की पानांचा एक पूर्ण संच वाढतो. पहाटेच्या विमानाला सीमाशुल्काची खिडकी उघडी असेल का, हे आधी विचारून ठेवा.

विमानाबद्दल. व्हायोलिनची पेटी साधारण ७८ ते ८० सेंटिमीटर लांब असते आणि केबिन सामानाची छापील मर्यादा बऱ्याच कंपन्यांत ५५ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे कागदावर एकही व्हायोलिन-व्हायोला आत जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात मोठ्या विमानाच्या वरच्या कप्प्यात ती सहज बसतात, पण 'बसतात' यावर विसंबू नका. गट आरक्षण करतानाच वाद्यांची संख्या आणि मापे देऊन लेखी परवानगी घ्या आणि त्या पत्राची प्रत प्रत्येक गटप्रमुखाजवळ ठेवा. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो शेवटच्या छोट्या टप्प्यावर. मोठे विमान बदलून लहान प्रादेशिक विमानात चढताना कप्पेच पुरत नाहीत आणि दारातच पेट्या काढून घेतल्या जातात. असा टप्पा टाळा. मोठ्या विमानतळावर उतरा आणि पुढे बसने जा, चार तास जास्त लागले तरी चालतील.

चेलोला सीट घ्यावी लागते. आरक्षणात त्याचा सीबीबीजी असा संकेत असतो. ही सीट संकेतस्थळावरून न घेता गट विभागातून घ्या, कारण ती सहसा खिडकीची लागते, आपत्कालीन दाराच्या रांगेत चालत नाही, बांधायला वाढीव पट्टा लागतो आणि प्रत्येक विमानात मर्यादित जागीच मिळते. आठ चेलो म्हणजे आठ जास्तीची तिकिटे, आणि कदाचित सगळे एकाच विमानात मावणारही नाहीत. डबल बासचा प्रश्न वेगळा आहे. कठीण प्रवासी पेटीसह त्याचे वजन अनेक कंपन्यांच्या ३२ किलोच्या नगमर्यादेच्या सहज वर जाते. म्हणून बास भाड्याने घ्या आणि वादकांनी आपापले गज सोबत आणावेत. जर्मन आणि फ्रेंच गजाची पकड इतकी वेगळी आहे की भाड्याच्या वाद्यासोबत येईल तो गज चालवून घेता येत नाही. चार तारांचा की पाच तारांचा, खालच्या सी पर्यंतची जोड आहे का, स्टूल किती उंच, हे भाडेकरारात लिहून घ्या आणि पहिल्या दिवशी बासवादकांना या वाद्यांसोबत एकटा अर्धा तास द्या. तारांची लांबी थोडी जरी वेगळी असली तरी डाव्या हाताचा अंदाज चुकतो.

सामानात द्यावे लागणारे तंतुवाद्य असेल तर तारा साधारण अर्ध्या ते एका स्वराने उतरवा, पूर्ण सैल कधीही करू नका. पूर्ण ताण गेला की घोडी सरकते आणि आतला साउंडपोस्ट (वाद्याच्या पोटातली उभी लाकडी काठी) पडतो. तो परत उभा करायला हत्यार आणि जाणकार हात दोन्ही लागतात. टेलपीसखाली (तारांची खालची टोके अडकतात ती पट्टी) मऊ कापडाची घडी, घोडीच्या दोन्ही बाजूंना फोम, मानेखाली भरीव आधार, चेलोची एंडपिन (जमिनीवर टेकायची सळई) काढून वेगळी गुंडाळलेली, गजाचे केस सैल. ओबो आणि बासून वाजवणाऱ्यांचे रीड (फुंकायची वेताची पात) कापायचे चाकू, पक्कड आणि मँड्रेल (रीड बसवून धरायची दांडी) हे सगळे खाली देण्याच्या सामानात जाऊ द्या. सुरक्षा तपासणीत चाकू जप्त झाला तर दौराभर रीड नीट करता येत नाही, आणि उसना चाकू कुणी देत नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच.

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बऱ्याचदा २० टक्क्यांच्या खाली जाते. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्के मानवते. उतरल्यावर खुंट्या सैल पडतात, तारा सुटतात आणि नवे लाकडी ओबो-क्लॅरिनेट वरच्या तुकड्यात चिरतात. खोलीवर पोचल्यावर पेटी तासभर बंदच राहू द्या, मग उघडा. नवे वाद्य पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांपलीकडे वाजवू नये, आणि थंड लाकडात गरम फुंकर घालण्याआधी ते हाताने कोमट करावे.

दुरुस्तीची पेटी एकच, एका ठरलेल्या माणसाकडे, आणि ट्रकमध्ये नाही तर बसमध्ये. ८० जणांसाठी अंदाज असा: व्हायोलिनच्या ई तारा १०, ए ५, डी आणि जी प्रत्येकी ३, व्हायोलाच्या ए ४, बाकी प्रत्येकी २, चेलोच्या ए ३, डी ३, जी आणि सी प्रत्येकी १, बासचा एक पूर्ण संच. शिवाय साउंडपोस्ट बसवायचे हत्यार, टेलगट (टेलपीस बांधायची दोरी), खुंट्यांची पेस्ट, जादा म्यूट (आवाज दबवायचे) ६, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, स्प्रिंग ओढायचा हूक, कॉर्क, कॉर्क ग्रीस, टेफ्लॉन टेप, रबर बँड, व्हॉल्व्ह तेल, स्लाइड ग्रीस आणि सिगारेटचा पातळ कागद. हा कागद लाकडी सुषिर वाद्यांच्या पॅडखालचे पाणी टिपायला लागतो आणि मैफलीत सर्वांत जास्त वेळा तोच मागितला जातो.

भाड्याच्या तालवाद्यांसाठी 'टिंपनी एक संच' एवढे लिहून भागत नाही. ३२, २९, २६ आणि २३ इंच, पेडलची, आणि मांडणी कोणती हे लिहा. जर्मन पद्धतीत मोठी टिंपनी वादकाच्या उजवीकडे असते, अमेरिकी पद्धतीत डावीकडे. सगळी हालचाल उलटी झाली तर एका तालमीत ती सुधारत नाही. दुसरी बाब सुराची. ४४० हर्ट्झ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण असले तरी युरोपात बरेच ऑर्केस्ट्रा ४४२ किंवा ४४३ वर वाजवतात आणि तिकडची ग्लॉकनस्पील, व्हायब्राफोन, ट्युब्युलर बेल्स त्याच सुरात घडवलेली असतात. धातूच्या पट्ट्यांचा सूर मैफलीच्या दिवशी बदलता येत नाही. भाडेकंपनीला आकडा विचारा आणि निघण्याच्या महिनाभर आधीपासून त्याच आकड्यावर सराव करा. काठ्या, ट्रँगल आणि आवडीच्या झांजा वादकांनी स्वतःच्या न्याव्यात. हार्पच्या ४७ तारा जुळवायला स्टेजवर पाऊण तास शांतता लागते, ती वेळापत्रकात लिहिलेली नसेल तर मिळत नाही. पियानो जागेवर आणल्यानंतरच सुरात लावून घ्या.

सभागृहाला स्टेजचा आराखडा दोन महिने आधी पाठवा, आणि त्यात आकडे द्या. समजा रचना १४-१२-१०-८-६ तंतुवाद्ये (पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बास), १२ लाकडी सुषिर, ११ पितळी, ५ तालवाद्ये, १ हार्प अशी आहे. तंतुवाद्यांना दोघांत एक नोटेशनचा स्टँड, म्हणजे २५. सुषिर आणि पितळी वाद्यांना प्रत्येकी एक, म्हणजे २३. टिंपनी-तालवाद्यांना ८, हार्पला १, संचालकाला १ मोठे. बेरीज ५८ होते, मागा ६५. खुर्च्या हात नसलेल्या हव्यात, नाहीतर गज आणि कोपर दोन्ही अडतात. १२ बाय १० मीटर जागेत हा संच बसतो. त्याहून कमी असेल तर कोणते वादक कमी करणार हे घरीच ठरवा, तिथे पोचून मुलांना सांगू नका. मागच्या रांगांना २०, ४० आणि ६० सेंटिमीटर उंचीचे चौथरे मागा. चर्चमध्ये मैफल असेल तर स्टँडचे दिवेही मागा, आणि घुमार चार सेकंदांच्या पुढे असेल तर जलद भाग थोडे आवरावे लागतील, हे मुलांना आधीच सांगा. ध्वनी तपासणीत सहसंचालक सभागृहाच्या मध्यभागी बसलेला हवाच. सिंफनी पुन्हा वाजवण्यात हा तास घालवू नका: सुरुवाती, जोडणीच्या जागा, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज, एवढे पुरे.

वेळापत्रक सर्वांत जास्त वेळा मोडते ते बसचालकाच्या विश्रांतीमुळे. युरोपीय नियमानुसार दिवसाला साधारण ९ तास चालवणे, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा थांबा आणि रोज ११ तासांची सलग विश्रांती बंधनकारक आहे. ती ठरावीक वेळाच ९ तासांवर आणता येते. सकाळी ८ ला निघालेल्या चालकाचा कामाचा दिवस सर्वसाधारणपणे रात्री ९ ला संपतो, आणि तुमची मैफल तर १० ला संपते. उपाय दोनच: संध्याकाळसाठी स्थानिक बस किंवा दुसरा चालक. चालक रात्री १२ ला मोकळा झाला तर दुसऱ्या दिवशी ११ च्या आधी तो हलणार नाही, म्हणून लांबचा प्रवास मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लावू नका. चालकाला गयावया करून काही होत नाही, कारण नोंद यंत्रात होते. दंड त्यालाही होतो आणि मालकालाही.

लागोपाठ दोन मैफलींनंतर एक मोकळा दिवस द्या. पितळी वाद्ये वाजवणाऱ्या किशोरवयीन मुलांचे ओठ तिसऱ्या रात्री दाद देत नाहीत आणि ती ते सांगतही नाहीत. पहिल्या हॉर्नला साहाय्यक द्या. परदेशात ऐनवेळी बदली वादक मिळत नाही, म्हणून प्रत्येक एकल भाग शेजारच्या वादकाने तयार केलेला असावा: दुसऱ्या ओबोला पहिल्याचा, दुसऱ्या क्लॅरिनेटला पहिल्याचा. दूरच्या वेळपट्ट्यांमधून येत असाल तर उतरल्यावर ४८ तासांच्या आत मैफल ठेवू नका.

कागदपत्रांत शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज सहा महिने आधीपासून आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि दोन पाने कोरी असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. १८ वर्षांखालील प्रत्येकाचे दोन्ही पालकांनी सह्या केलेले संमतीपत्र नोटरीसह न्या. दहा मुलांमागे एक प्रौढ, प्रत्येक गटाला क्रमांक, आणि प्रत्येक बस सुटण्याआधी मुलांनी स्वतः क्रमांक मोठ्याने म्हणायचा. डोकी मोजण्यापेक्षा ही रीत खात्रीची. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दम्याचा पंप आणि ॲलर्जीचे इंजेक्शन मुलाच्या स्वतःच्या खिशात, एक जादा गटप्रमुखाकडे.

वाद्यांच्या विम्यात एक कलम मुद्दाम शोधा: बंद पण बिनमाणसाच्या वाहनातून झालेली चोरी. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते. तसे असेल तर ट्रक रात्री रस्त्यावर उभा राहू शकत नाही. एकतर वाद्ये सभागृहाच्या कुलूपबंद खोलीत उतरवा, नाहीतर पहारा ठेवा. उन्हात उभ्या ट्रकमध्ये वाद्य ठेवणे त्याहून वाईट, कारण उष्णतेने सरस सुटतो आणि जोड उघडतात.

नोटेशन कधीही खाली देण्याच्या सामानात टाकू नका. सुषिर आणि पितळी वाद्यांचे मूळ पार्ट (त्या त्या वाद्याच्या नोटेशनच्या प्रती) ग्रंथपालाच्या हातात, तंतुवाद्यांचे डेस्कप्रमुखाकडे. प्रकाशकाकडून भाड्याने घेतलेल्या पार्टचा करार मैफलींच्या संख्येवर आणि देशांवर असतो, दौरा त्यात स्पष्ट लिहून घ्या. सादरीकरणाचे हक्कशुल्क आयोजक भरणार की तुम्ही, हे सभागृहाच्या करारात ठरवा आणि रचना, रचनाकार, अरेंजर (रचनेची वाद्यांसाठी मांडणी करणारा) व कालावधी यांची यादी आधीच द्या. युरोपीय संघात हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, एन्कोअरलाही तो लागू आहे.

परतीच्या दिवशी विमानतळावर वाद्ये घेणारा गट इतरांच्या दोन तास आधी पोचवा. आधी सीमाशुल्काचा बाहेर पडण्याचा शिक्का, मगच सामान आत. मायदेशात उतरल्यावर पिवळ्या पानावर परतीचा शिक्का घ्या, मुले घरी जाण्याआधी यादीतली प्रत्येक पेटी उघडून पाहा आणि नुकसान झाले असेल तर विमान कंपनीच्या खिडकीवर तिथेच लेखी तक्रार द्या. कार्ने ज्या वाणिज्य मंडळाने (चेंबर ऑफ कॉमर्स) दिले त्याला लवकरात लवकर परत करा. ते बंद झाल्याशिवाय हमीची रक्कम मोकळी होत नाही.